गो, नो-गो आणि दुतोंड्या मारुती

जानेवारीच्या शेवटी आमच्या एचआरच्या मॅडम थेट शॉप फ्लोअरवर आल्या. एरवी त्या खाली येत नाहीत, ड्रेसला ऑइल लागतं म्हणून. मी क्वालिटीच्या केबिनमध्ये एका बोअरचं रीडिंग तिसऱ्यांदा घेत होतो. त्या म्हणाल्या, ४ फेब्रुवारीला वर्ल्ड कॅन्सर डे आहे, तू कँटीनमध्ये दहा मिनिटं बोलशील का, म्हणजे तुझी जर्नी वगैरे. मी हो म्हणालो. दारापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि म्हणाल्या, "पॉझिटिव्ह ठेव हं सगळं."

नाही म्हणायला मला जमत नाही. कॅन्सर माणसाला खूप काही शिकवतो म्हणतात, हे मात्र राहून गेलं.

तर ४ तारखेला मी नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, मागे बॅनर, समोर फर्स्ट शिफ्टचे सगळे, असा उभा राहून पावणेचार मिनिटं बोललो. जिद्द, कुटुंब, वेळेवर तपासणी. टाळ्या झाल्या, एक गुलाबाचं फूल आणि समोसा मिळाला. खोटं काहीच बोललो नाही खरं तर. पण आमच्याकडे एखादा पार्ट एकाच बाजूने चेक करून पास केला तर त्याला जे म्हणतात ते मी त्या दिवशी केलं, आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. म्हणून उरलेलं इथे लिहून टाकतो. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

२०१९ची गोष्ट, मी २५ वर्षांचा. मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या जरा वर एक गाठ. दुखत नव्हती, त्यामुळे दोन महिने मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. मग संध्याकाळचा बारीक ताप, रात्री एवढा घाम की आई सकाळी चादर वाळत घालायची आणि मला म्हणायची पंखा लावत जा की रे. वजन सात किलो उतरलं, तर मित्र म्हणाले जिम लावलीस का. एका डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, एक्सरे पाहिला आणि टीबीच्या गोळ्या चालू केल्या. गाठीतलं काही तपासायला पाठवलंच नाही. आता कळतंय की हे आपल्याकडे बऱ्याच जणांचं होतं, कारण गाठ, ताप, घाम, वजन हे सगळं दोन्हीकडे सेम असतं आणि टीबी आपल्याकडे कितीतरी जास्त. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. साडेतीन महिने केशरी. गाठ मात्र वाढत गेली.

एक गंमत (गंमत कसली). त्या उन्हाळ्यात एका मित्राच्या सेंड ऑफला गंगापूर डॅमच्या बाजूला बसलो होतो, दोन घोट वाइन घेतली आणि मान अशी ठणकायला लागली की ग्लास खाली ठेवला. पोरं हसली, नाशिकचा असून वाइन चढते याला. नंतर कॅन्सरच्या डॉक्टरांना हे सहज सांगितलं तर ते खुर्चीत सरळच झाले. हॉजकिन्स लिम्फोमामध्ये, म्हणजे मला निघाला त्या लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, थोड्या पेशंटांना दारू प्यायल्यावर गाठीत दुखतं म्हणे, पुस्तकात असतं पण रोज बघायला मिळत नाही. मी एकदम पुस्तकातला निघालो.

बायोप्सीचा रिपोर्ट आला तो ऑगस्टचा पहिला आठवडा. नाशिककरांना तो ऑगस्ट आठवत असेल, गोदावरीला मोठा पूर आला होता. आमचं घर पंचवटीत, तसं वर आहे, पाणी आलं नाही. पण पप्पा होळकर पुलावर बघायला गेले आणि तिथून फोन केला, "दुतोंड्या दिसत नाहीये रे."

बाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाच्या तिथे नदीच्या पात्रातच मारुतीची उभी मूर्ती आहे, तिला पुढे एक तोंड आणि मागे एक तोंड, म्हणून दुतोंड्या मारुती. आमच्या गावात पूर आकड्यात मोजत नाहीत. इतके क्युसेक सोडले हे पेपरवाले लिहितात, पण पुलावर उभी असलेली माणसं विचारतात, पाणी कुठवर आलंय, दुतोंड्याच्या गुडघ्याला का कमरेला का छातीला? गळ्याशी आलं की सराफ बाजारातली दुकानं माल वर चढवतात. आणि दिसेनासा झाला की मग कोणी काही विचारत नाही.

पप्पा घरी आले, भिजलेली छत्री दारात उघडी ठेवली, आणि मी त्यांना रिपोर्ट दिला. ते एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख, मग आकडे, मग सही, या क्रमाने बघतात. सही बघून झाल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "जेवलास का?"

स्टेज टू-बी, म्हणजे दुसरी स्टेज, आणि बी म्हणजे ताप, घाम, वजन उतरणं ही लक्षणं असलेली. डॉक्टर म्हणाले बरा होण्याचे चान्सेस फार चांगले आहेत, हा त्यातल्या त्यात बरा कॅन्सर आहे. हे वाक्य ऐकल्यावर थँक्यू म्हणायचं असतं का मला अजून समजलेलं नाही. औषधं चार, एबीव्हीडी म्हणतात त्या सेटला. २८ दिवसांचं एक सायकल, त्यात दोन डोस, अशी सहा सायकल म्हणजे बारा डोस. एक औषध रूह अफझासारखं लालभडक, त्याने लघवी लाल होते (केशरी झाली, लाल झाली, एका वर्षात सगळे रंग बघून झाले). शेवटचं औषध उजेडाने खराब होतं म्हणून काळ्या कागदात गुंडाळून लावतात आणि ते शिरेतून जाताना हात कोपरापर्यंत जळतो.

सुरू करायच्या आधी स्पर्म बँकिंग, म्हणजे पुढे मूल होता यावं म्हणून वीर्य गोठवून ठेवणं. हे कँटीनमध्ये बोललो नाही हे उघडच आहे, पण पोरांनो वाचत असाल तर केमोच्या आधी हे डॉक्टरांना विचारा, त्यांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. मी आत गेलो आणि पप्पा बाहेर बाकड्यावर थर्मास मांडीवर घेऊन बसलेले. अर्ध्या तासाने बाहेर आलो. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. रिक्षात ते फक्त म्हणाले, पावती घेतलीस ना.

डे केअरमध्ये सगळ्यात लहान मीच. म्हणजे लहान मुलांचा वॉर्ड वेगळा, तिथे भिंतीवर जिराफ वगैरे, आणि आमच्याकडे सगळे काका-काकू-आजोबा. पहिल्या दिवशी एका काकूंनी विचारलं, कोणाला घेऊन आलायस बाळा? कॅन्सरवाल्यांच्या भाषेत १५ ते ३९ वर्षांच्या पेशंटांचा एक वेगळा गट धरतात, कारण ना तो लहान मुलांत बसतो ना मोठ्यांत, नुकती नोकरी लागलेली असते, लग्न ठरायचं असतं, घराचा हप्ता चालू व्हायचा असतो आणि नेमका त्याच वेळी हा उपटतो. वेगळा गट आहे हे मला फार नंतर समजलं. तेव्हा मी फक्त काकूंना म्हणालो, मीच आहे.

पप्पांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे गाडीत पेट्रोल आहे का, सिलेंडर आला का, एवढंच. बारा डोस, दर वेळी चार-पाच तास, ते शेजारच्या स्टुलावर. त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती, डाव्या बाजूला डोस नंबर, तारीख, वजन, डब्ल्यूबीसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशी), उजव्या बाजूला खर्च, रिक्षाच्या साठ रुपयांसकट. कंडक्टरचं हिशेबाचं वेबिलच ते. आणि बसल्या बसल्या थेंब मोजायचे. "मिनिटाला अठरा पडतायत, मगाशी वीस होते." मग सिस्टरला बोलावणार. सुरुवातीला माझा जीव जायचा लाजेने. चौथ्या-पाचव्या डोसनंतर कधीतरी मीच डोळे मिटून विचारायला लागलो, किती? ते म्हणायचे एकोणीस. झालं. आमच्या दोघांत आजवर झालेलं सगळ्यात खासगी बोलणं हेच आहे, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

दोन सायकलनंतर पेट स्कॅन. गाठी किती विझल्या त्याला पाचपैकी मार्क देतात, कमी तितकं चांगलं. डोव्हिल स्कोअर म्हणतात, फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका गावाचं नाव, तिथे डॉक्टरांची मीटिंग झाली होती म्हणून. मला २ मिळाले. शेवटचा डोस फेब्रुवारी २०२०च्या शेवटाला. केसांच्या जागी लव आलेली, चेहरा बटाट्यासारखा, आणि आईने काळारामाला नवस बोललेला तो फेडायच्या आत लॉकडाऊन लागला.

सगळं जग एकदम माझ्यासारखं झालं. मास्क, हात धुवा, कोणाला भेटू नका, खोकला आला की धस्स. मित्र फोन करून रडायचे, घरात कोंडल्यासारखं वाटतंय यार, आणि मी मनात म्हणायचो, या, बसा. वाईट आहे पण तेव्हा मला बरं वाटायचं थोडंसं. पण त्याच चार औषधांतलं एक फुफ्फुसाला त्रास देऊ शकतं, त्यामुळे कोरोनाची भीती मला घरात सगळ्यात जास्त. रात्री पालथा झोपून श्वास मोजायचो.

आणि खरी पडझड तिथून पुढे झाली, ट्रीटमेंट चालू असताना नाही. ट्रीटमेंटमध्ये काम असतं. तारीख असते, डोस असतो, पप्पांची वही असते. ती संपल्यावर सगळे म्हणाले बरा झालास, आणि आपापल्या कामाला गेले, जाणारच. मी मात्र दिवसातून वीस वेळा मान चाचपायचो. कोकम सरबत बघून उलटी यायची, नुसतं बघून, अजूनही लग्नात कोणी लाल सरबताचा ट्रे आणला की मी दुसरीकडे तोंड करतो. फिट्झ्यू मुलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांना स्वतःला ३२व्या वर्षी कॅन्सर झाला होता, त्यांनी १९८५ मध्ये लिहून ठेवलंय की बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढायची कला आपण शिकलो पण काठावर आणून ठेवल्यावर त्याला तसाच खोकत सोडून देतो. मी रामकुंडावर लहानाचा मोठा झालोय. जीवरक्षक पोरं माणूस बाहेर काढतात, गर्दी टाळ्या वाजवते, पांगते, आणि तो माणूस पायरीवर टॉवेल गुंडाळून कापत बसलेला असतो. तो पायरीवरचा माणूस मी दीड वर्ष होतो.

लोक म्हणतात तावून सुलाखून निघालास. अहो, आमच्याकडे पार्ट तापवून तेलात बुडवतात तेव्हा कडक होतोच, पण टेंपरिंग, म्हणजे परत हलकं तापवणं, केलं नाही ना, तर हातातून पडला तरी तडकतो. माझं टेंपरिंग राहिलं होतं.

२०२१ला एका साध्या सर्दीच्या तापात मी रात्री दोन वाजता बाईक काढून हॉस्पिटलला गेलो आणि पार्किंगमध्येच बसून राहिलो. त्यानंतर कॉलेज रोडला एका कौन्सेलर मॅडमकडे जायला लागलो. घरी सांगितलं क्लास लावलाय. त्यांच्याकडे मला पहिल्यांदा कळलं की याच्यावर अभ्यास झालेला आहे. टेडेस्की आणि कॅलहून म्हणून दोन अमेरिकन सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात एक नाव दिलं, पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ, म्हणजे मोठ्या आघातानंतर काही माणसांत होणारी वाढ. आणि ती मोजायला १९९६ मध्ये २१ वाक्यांची एक प्रश्नावली काढली. प्रत्येक वाक्यापुढे ० ते ५ मार्क द्यायचे. पाच भाग आहेत: माणसांशी नाती, नवीन वाटा, स्वतःची ताकद, अध्यात्म आणि जगण्याचं मोल वाटणं.

मोजायचं म्हटल्यावर आपण खूश. पेन घेऊन बसलो. नात्यांत भरपूर मार्क दिले, कारण पप्पा. अध्यात्माला शून्य, आईला सांगू नका. जगण्याचं मोल, हो, हे खरंय, गंगापूर रोडला सकाळी पोहे खाताना मला अजूनही मधेच लक्षात येतं की तोंडाला चव आहे. तेव्हा महिनोन्महिने सगळं लोखंडासारखं लागायचं. नवीन वाटांमध्ये काय लिहायचं सुचेना, लोक म्हणे कॅन्सरनंतर मॅरेथॉन पळतात, मी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो आणि वर जाऊन भेळ खातो. टोटल १०५पैकी ६८.

आणि मग मी मॅडमना विचारलं, याची दुसरी बाजू कुठे आहे?

सांगतो काय ते. आमच्याकडे भोक बरोबर आहे का ते बघायला प्लग गेज असतो. मधे धरायला दांडी, एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. दोन्ही टोकं लावल्याशिवाय पार्टबद्दल तुम्ही काही बोलूच शकत नाही. आणि या प्रश्नावलीत फक्त काय चांगलं झालं तेच विचारलेलं. नात्यांत वाढ झाली, बरोबर, पण माझा शाळेपासूनचा मित्र अडीच वर्षं गायब झाला आणि २०२२ला येऊन म्हणाला, तुला डिस्टर्ब करायचं नव्हतं भो, त्याचे मार्क कुठे टाकू? त्याला मी माफ केलंय, पण अर्धंच. ताकद वाढली, हो, नवीन प्लांट मॅनेजर ओरडतो तेव्हा मला काही होत नाही, पण लॅबचा मेसेज येतो तेव्हा गुडघे जातात, मग ताकद वाढली म्हणू का? लग्नाच्या बायोडेटात रक्तगट असतो, रास असते, कॅन्सरचा कॉलम नसतो. तिसऱ्या भेटीत सांगितलं तर मुलीचे मामा म्हणाले आधी का नाही सांगितलं, आणि पुढच्या स्थळाला पहिल्याच फोनवर सांगितलं तर फोनच बंद.

मॅडम हसल्या, म्हणाल्या ही तक्रार करणारा तू पहिला नाहीस. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने मला खरंच हलकं वाटलं. की त्या दोघा सायकॉलॉजिस्टचं म्हणणं कॅन्सर माणसाला मोठं करतो असं नाहीचे. नुसत्या आजाराने वाढ होत नाही. आजाराने जी मोडतोड केली तिच्याशी झगडताना, परत परत तोच विचार करताना, कोणाशी तरी बोलताना जे होतं ते. आणि ते झालं म्हणून दुःख, भीती कमी होते असंही नाही, दोन्ही एकत्र नांदू शकतात. मी घरी येताना मुद्दाम रामकुंडावरून आलो. पाणी कमी होतं, बायका कपडे धूत होत्या, पोरं उड्या मारत होती. दुतोंड्या उभा होता. मनात म्हटलं, घ्या, नदीत प्लग गेज रोवून ठेवलाय गावाने, आणि मी लहानपणापासून बघतोय.

त्या दिवसापासून कोणी "मग आता एकदम फिट ना?" विचारलं की मी दोन्ही सांगतो. फिट आहे आणि घाबरतोही. आश्चर्य म्हणजे लोक पळून जात नाहीत. काही जातात.

रेझिलियन्स हा शब्द आता सगळीकडे चालतो. हा आमच्या इंजिनिअरिंगमध्येही आहे. स्प्रिंग दाबली, सोडली, परत होती तशी झाली, तो रेझिलियन्स. त्या अर्थाने मी नापास आहे, कारण मी होतो तसा झालो नाही, आणि स्पष्ट सांगायचं तर २५ वर्षांचा तो पोरगा मला फारसा आवडतही नाही, बापाशी नीट बोलायचा नाही. पण म्हणून कॅन्सर झाला ते बरं झालं असं कोणी म्हटलं की मला त्याच्या डोक्यात गेज घालावासा वाटतो. पप्पांची वही दुसऱ्या कुठल्याही कारणाने मिळाली असती तर मी तीच घेतली असती.

स्पर्म बँकेचा दर वर्षी रिन्यूअलचा मेसेज येतो. मी भरतो.

आता कँटीनमधल्या भाषणाचं राहिलेलं. भाषण झाल्यावर कोणी काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्पॅचमधले एक मामा, पन्नाशीचे, सिन्नरहून अप-डाऊन करतात, माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्या मिसेसच्या मानेला गाठ, ताप, दीड महिना झाला टीबीच्या गोळ्या चालूयत. मी विचारलं, मामा, गाठीतलं काढून तपासलंय का? म्हणाले, नाही, डॉक्टर म्हणले टीबीच असंल. माझा हात आपोआप माझ्या मानेवर गेला, त्यांनी बघितलं ते. मी एवढंच म्हणालो की घाबरू नका, पण बायोप्सी करून घ्या, नुसती सुई नको, डॉक्टरांना विचारा अख्खी गाठ काढून पाठवता येईल का. शनिवारी सुट्टी टाकून मीही गेलो त्यांच्याबरोबर. लॅबच्या बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या मामी मला विचारत होत्या, तुमचं लग्न झालंय का.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागले. त्या दिवसांत मला झोप नव्हती, जसा काही माझाच आहे. परवा मामा आले, लांबूनच हात हलवत, सगळं डिस्पॅच बघतंय, "टीबीच निघाला सर!" आणि पेढ्याचा बॉक्स. टीबी झाल्याचे पेढे मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले. आम्ही दोघं एवढे हसलो की एचआरच्या मॅडम वरून खिडकीतून बघायला लागल्या.

मग बॉक्स बंद करता करता मामांनी विचारलं, "आणि तुमचं? तुमचं काही अस्तंय ना अजून?"

मी म्हणालो, आहे ना, मार्चमध्ये पाच वर्षांचं चेकिंग. रक्त, टूडी इको, ते लाल औषध हृदयाला त्रास देतं ना म्हणून, फुंकर मारायची फुफ्फुसाची टेस्ट.

"भीती वाटती का?"

"वाटते."

"कोन येतं बरोबर?"

"पप्पा येतात."

"कितीला हाय?"

"अकरा तारखेला."

मामांनी खिशातून डिस्पॅचचं छोटं पॅड काढलं, कानावरचा पेन घेतला आणि ११ लिहून त्याला गोल केला.